छप्पन्न दिवसांचा पाया

मिस्त्रीला त्याच्या खऱ्या नावानं हाक मारणारी माणसं आता दोन-तीनच उरली होती. बाकी सगळे त्याला भिंगरी म्हणत. पायाला भिंगरी लागलेला माणूस म्हणून भिंगरी, आणि जन्मभर इमारतींच्या पायाचीच कामं केली म्हणूनही भिंगरी. ज्यानं हे नाव ठेवलं त्याच्या मनात दोन्हींपैकी नेमकं काय होतं, हे त्यालाही सांगता आलं नसतं. चहा उभ्यानं, डबा पायरीवर टेकून, आणि झोपही अशी की पहाट व्हायच्या आत अंथरूण रिकामं. बायको म्हणायची, "तुम्ही जेवायला बसता की उठायला बसता, तेच मला इतक्या वर्षांत कळलं नाही."

पण खड्ड्यात उतरला की हा माणूस चुकायचा नाही. माती मुठीत दाबून, ती सोडल्यावर कशी फुटते ते पाहून, अजून हातभर खाली जायचं की इथंच थांबायचं ते सांगायचा. पस्तीस वर्षांत त्यानं भरलेला एकही पाया खचला नव्हता. एक खचला होता तो त्याच्या आधीचा, थोरल्या भावाच्या हाताखाली तो नुकताच कामाला लागला होता तेव्हाचा. दोन खोल्यांचं घर. जागा भर घातलेली, आणि भर कसली, तर कुठल्याशा पाडलेल्या घराचा राडारोडा. वरून धुम्मस मारून सारखी केली आणि बांधलं. तिसऱ्या वर्षी भिंत मधोमध उकलली. कुणाला लागलं नाही, पण भावानं त्या दिवसानंतर थापी हातात धरली नाही. पुढं तो एका गोदामावर राखणदार म्हणून राहिला आणि तिथंच म्हातारा झाला.

म्हणून शाळेच्या कामावर पहिल्याच दिवशी 'राडारोडा' हा शब्द ऐकला तेव्हा भिंगरीच्या कपाळाची शीर उडायला लागली.

मुलींची शाळा होती. जुनी इमारत गळून गळून धोक्याची झालेली, ती पाडून तिथं तीन मजली नवी बांधायची होती. पायाचं आणि वरच्या सांगाड्याचं गणित भिंगरीच्या सख्ख्या भाचीनं मांडलं होतं. धाकट्या बहिणीची ही एकुलती एक पोर. लहानपणी मामाच्या खांद्यावर बसून वाळूच्या ढिगावर यायची, आता इंजिनिअर होऊन कागद घेऊन आली होती. ठेकेदार तिच्या पाठीमागं म्हणायचा, कानामागून आली आणि तिखट झाली. तोंडावर मात्र 'मॅडम' म्हणायचा.

भाचीनं सांगितलं ते असं. पाडलेल्या इमारतीचं काँक्रीट फोडून त्याची खडी करायची आणि नव्या खडीत काही वाट्यानं मिसळायची. विटांचा चुरा जमिनीखालच्या भरावाला. आणि सिमेंट नेहमीचं नाही, तर ज्यात जवळजवळ निम्मी वीजकेंद्राची राख आहे असं.

"राख?" भिंगरी म्हणाला. "राखेनं भांडी घासतात."

मुख्याध्यापिका तिथंच उभ्या होत्या. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. बुटक्या, जाड भिंगांचा चष्मा, आणि आवाज असा की मैदानाच्या टोकाची मुलगी थबकावी. त्या म्हणाल्या, "मिस्त्री, आमच्या गच्चीवरून पूर्वी एक अख्खी टेकडी दिसायची. आता अर्धी दिसते. उरलेली अर्धी खडी होऊन गेली. आणि पाडलेल्या इमारती जातात कुठं? गावाबाहेरच्या तळ्यात. मी वर्गात मुलींना पाणी वाचवा, डोंगर वाचवा शिकवायचं आणि शाळेचा राडारोडा तळ्यात ढकलायचा, हे कोणत्या तोंडानं?"

अडलं की तो चालायला लागायचा. त्यानं खड्ड्यांभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि भाचीला बाजूला घेऊन म्हणाला, "अगं, तुझ्या मोठ्या मामाचं काय झालं ते ठाऊक आहे ना तुला?"

"ठाऊक आहे, मामा. तो राडारोडा मातीसकट टाकला होता, नुसता वरवर दाबला होता. हा आपण निवडून, धुऊन, चाळून घेणार आहोत. तू असताना घाण माल खड्ड्यात जाईल का?"

घरच्यासारखं 'तू' म्हणाली, म्हणून तो विरघळला. एरवी चारचौघांत ती त्याला 'तुम्ही मिस्त्री' म्हणायची, आणि ते त्याला आवडायचंही.

निवडायचं काम बोलण्याइतकं सोपं नव्हतं. जुन्या काँक्रीटबरोबर लाकडाच्या ढलप्या, वायरी, प्लास्टर, रंगाचे पापुद्रे, फरशीचे तुकडे, एका ढिगात तर कुणाचा तरी कंपासही निघाला. चार बायका दिवसभर निवडत बसायच्या आणि भिंगरी त्यांच्या डोक्यावर घिरट्या घालायचा. मग पहिला चाचणीचा माल मिक्सरमधून काढला, तर तो घमेल्यातच घट्ट व्हायला लागला. मजुरांनी सवयीनं वरून पाणी ओतलं. भाची ओरडली. ओतलेलं पाणी म्हणजे मेलेली ताकद, हे भिंगरीही जाणून होता. पण घोडं कुठं पेंड खातंय ते कुणाच्या ध्यानात येईना.

त्याच्या आलं. त्यानं जुन्या काँक्रीटची एक खडी उचलून तिच्यावर पाण्याचा थेंब सोडला. थेंब गडप. "ही खडी तहानलेली आहे," तो म्हणाला. "मालातलं पाणी हीच पिऊन टाकते. आदल्या दिवशी भिजवून निथळून ठेवा, मग बघा." तसं केलं आणि माल लोण्यासारखा निघाला. भाचीनं वहीत लिहून घेतलं. मोठ्या बाईंनी दोन वर्गांच्या मुलींना आणून तो थेंबाचा प्रयोग पुन्हा करायला लावला. भिंगरीला त्या दिवशी एक पाऊलभर उंच झाल्यासारखं वाटलं.

तरीही आतली धाकधूक गेली नाही. अठरा कॉलमांचे अठरा खड्डे. सोळा भरले, आणि प्रत्येक वेळी त्याला ते काँक्रीट मवाळ वाटलं. नेहमीचा माल दुसऱ्या दिवशी खिळ्यानं ओरखडत नाही. याच्यावर खिळा ओढला की पांढरी रेघ उठायची आणि बोटाला पीठ लागायचं. रोज सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन तो खिळा ओढायचा, आणि रोज बोट धोतराला पुसायचा.

उरलेले दोन खड्डे जिन्याखालचे होते. त्यांच्यावर जिना, आणि वर पाण्याची टाकी. सगळ्यात जास्त भार तिथं. त्यावरून रोज पाचशे पोरी धडधडत उतरणार. ते भरायच्या दिवशी भाची आधीच्या खड्ड्यांचे ठोकळे तपासायला द्यायला प्रयोगशाळेत गेली होती. प्रत्येक खड्ड्याच्या मालातून लोखंडी साच्यात वीतभर ठोकळे पाडायचे, त्यांच्यावर नंबर घालायचा, हौदात बुडवून ठेवायचे आणि ठरल्या दिवशी यंत्राखाली फोडून ताकद बघायची, अशी रीत. कोपऱ्यात वरच्या वीटकामासाठी आणलेल्या साध्या सिमेंटच्या गोण्या होत्या. भिंगरीनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मग मिक्सरच्या प्रत्येक फेरीत पाव गोणी साधं सिमेंट जास्तीचं घातलं. माल घट्ट आला म्हणून थोडं पाणीही सोडलं. कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. मनाशी म्हणाला, पोरींच्या जिवाचा प्रश्न आहे, यात पाप कसलं?

त्या संध्याकाळी तो घरी जाऊन चक्क जेवण संपेपर्यंत बसला. बायकोनं विचारलं, "अंगात कणकण आहे का?"

चौथ्या दिवशी त्या दोन पायांच्या वरच्या अंगाला केसासारख्या भेगा दिसल्या. बाकीच्या सोळांवर एकही नव्हती. भिंगरीनं सिमेंटचं पाणी करून भेगांवरून बोट फिरवलं आणि वर ओलं गोणपाट टाकलं.

अठराही पायांचे सात दिवसांचे आकडे एकत्र आले त्या दिवशी ठेकेदार कागद नाचवतच आला. पंचवीसची ताकद पाहिजे होती. सोळा पायांचे ठोकळे बारा-तेरावर फुटले होते. जिन्याखालचे दोन मात्र वीस-एकवीसवर गेले होते.

"बारा! मॅडम, बारा! साधं सिमेंट असतं तर सात दिवसांत सतरा-अठरा दिसले असते. मी याच्यावर कॉलम उभे करायचे? माझी माणसं हात बांधून बसली आहेत. हे सोळा फोडा आणि सरळ मालानं पुन्हा भरा. नाहीतर मी निघालो."

भाचीनं तिच्या मूळ कागदावर बोट ठेवलं. तिथं तिनं आधीच लिहिलं होतं की या मालाची ताकद सावकाश चढते, सात दिवसांत निम्मीच येईल, हिशेब छप्पन्न दिवसांचा धरला आहे. तो कागद कुणीच वाचला नव्हता. ठेकेदारानं तेव्हाही वाचला नाही. "कागदावर इमारत उभी राहत नाही," म्हणाला. मोठ्या बाईंनी चार दिवसांनी संस्थेच्या लोकांची बैठक बोलावली. फोडायचं की थांबायचं, ते तिथं ठरणार होतं.

ते चार दिवस भिंगरीच्या जिवाला चैन नव्हती. कामावर काम नव्हतं, म्हणून तो गल्ल्या तुडवत राहिला. हार्डवेअरच्या दुकानात शिरून काही न घेता बाहेर पडायचा. घरी नळाची चाकी खोल, पुन्हा बसव, पुन्हा खोल. बायको म्हणाली, "नळ गळत नव्हता. आता गळतोय."

तिसऱ्या दिवशी सकाळी भाची घरी आली. कागदांचा गठ्ठा काढून मामाच्याच टेबलावर पसरला. डोळ्यांखाली काळं आलेलं. मामीनं पुढं ठेवलेला चहा गार होऊन गेला तरी तिचं लक्ष नव्हतं.

"मामा, बारा आले त्याची मला भीती नाही. ते बाराच येणार होते. पण हे दोन वीसवर कसे गेले? एकच माल, एकच खडी, एकच पाणी. माल सारखा मिसळलाच गेला नसेल, तर मग सोळांवरही विश्वास ठेवता येत नाही. मी तीन दिवस शोधतेय, चूक कुठं झाली ते. उद्या ते फोडा म्हणाले तर मी कशाच्या बळावर नाही म्हणू?"

भिंगरी उभा होता. खिडकीशी गेला, परत आला, पुन्हा गेला. त्याला वाटत होतं की त्यानं दोन पाये सांभाळले. सांभाळले नव्हते. उलट त्या दोहोंच्या पायी बाकीचे सोळा खोटे ठरत होते, आणि सोळांबरोबर ही पोरही. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच.

"चूक तुझी नाही," तो म्हणाला. "त्या दोन्हींत मी साधं सिमेंट घातलं. पाव गोणी, दर फेरीला. पाणीही सोडलं थोडं."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. भाचीनं एकेक कागद गोळा करून पिशवीत भरला.

"मिस्त्री," ती म्हणाली, "हे मला सांगून उपयोग नाही. उद्या बैठकीत सांगा."

ती कधीच घरात त्याला मिस्त्री म्हणाली नव्हती. दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, "माझ्यावर भरवसा नव्हता तर तोंडावर सांगायचं होतं. मी भांडले असते. पण निदान मला कळलं असतं मी कशावर उभी आहे."

ती गेल्यावर बायको बाहेर आली. ती रागावेल असं त्याला वाटलं होतं. ती म्हणाली, "उद्या धुतलेला सदरा घाला," आणि आत गेली.

बैठक शाळेच्या तात्पुरत्या पत्र्याच्या खोलीत होती. बाकं लहान मुलींची, त्यामुळं सगळे गुडघे वर काढून बसलेले. भिंगरी उभाच राहिला. त्यानं काय केलं, किती घातलं, कुठल्या दिवशी, सगळं सांगितलं. भेगांवरून बोट फिरवलं तेही. लपवायचं म्हणून हातचं काही राखलं नाही. बोलताना त्यानं हात पाठीमागं धरले होते.

ठेकेदार म्हणाला, "बघा! तुमच्या मिस्त्रीचाच भरवसा नाही. आता तरी फोडा."

मोठ्या बाई भाचीकडं वळल्या. "याचा अर्थ काय होतो?"

"अर्थ असा, की सोळा जसे यायला हवेत तसेच आले आहेत," भाची म्हणाली. "वेगळे दोनच आहेत, आणि ते का वेगळे आहेत ते आता कळलं. भेगा किती खोल आहेत ते मी तपासून घेते. बाकी मला दिवस द्या. अठ्ठाविसाव्या दिवशी फोडा, छप्पन्नाव्या दिवशी फोडा, आणि मग बोला."

संस्थेतला एकजण म्हणाला की छप्पन्न दिवस थांबलो तर शाळा वेळेवर सुरू होणार नाही. ते खरंच होतं. पालक तोंडाला येईल ते बोलतील, हेही खरं. मोठ्या बाईंनी चष्मा काढला, पुसला, घातला. "पोरी महिना-दीड महिना जास्त पत्र्याखाली बसतील," त्या म्हणाल्या. "पालकांशी मी बोलेन. थांबायचं." मग भिंगरीकडं बघून म्हणाल्या, "आणि तुम्ही मिक्सरला हात लावायचा नाही."

ठेकेदार माणसं घेऊन दुसऱ्या कामावर गेला. मैदानात अठरा पाये, पाण्याचा हौद आणि भिंगरी एवढेच उरले. भाचीनं त्याला काढलं नाही. पाणी मारायच्या कामावर लावलं. या मालाला जास्त दिवस ओलं ठेवावं लागतं. गोणपाट सुकलं की भिजवायचं, सुकलं की भिजवायचं. पस्तीस वर्षांचा मिस्त्री, आणि हातात पाण्याचा पाईप. येणारेजाणारे ओळखीचे मिस्त्री कुंपणावरून विचारायचे, "काय रे भिंगरी, झाडं लावली का?"

सगळ्यात अवघड गोष्ट ही की करण्यासारखं दुसरं काही नव्हतं. खड्डा खोदता येतो, सळई बांधता येते, माल ओतता येतो. वाट कशी पाहायची हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. पहिल्या पायापासून अठराव्यापर्यंत जायचा आणि परत यायचा. खिळा मात्र रोज ओढायचा. चौदाव्या दिवशी पीठ कमी लागलं. सतराव्या दिवशी रेघ उठली पण बोट कोरडं राहिलं. विसाव्या दिवशी खिळ्याचं टोकच बोथट झालं. तो धावत भाचीला सांगायला निघाला, अर्ध्या वाटेवरून परत फिरला. खिळ्याचा निकाल घेऊन कुठल्या तोंडानं जायचं?

अठ्ठाविसाव्या दिवशी ती त्याला बरोबर घेऊन प्रयोगशाळेत गेली. रस्त्यानं दोघं बोलले नाहीत. यंत्रात ठोकळा ठेवला, काटा चढत गेला, आणि फट्ट झालं की भिंगरीचे खांदे दचकायचे. चोवीस. पंचवीस. चोवीस. एक तर तेवीसवरच गेला.

"कमी पडलं?" तो म्हणाला.

"छप्पन्न दिवसांचा हिशेब आहे म्हटलं ना, मामा." ती काट्याकडंच बघत होती. "आता तूच मला धीर द्यायचा, की मी तुला?"

पुढचे अठ्ठावीस दिवस दोघांनी मिळून काढले म्हणायला हरकत नाही. ती कामावरून जाताना थांबायची, दोघं पायांभोवती फिरायचे. तिनं त्याला तिचं गणित समजावून सांगितलं, सगळं नाही तरी बरंचसं त्याला कळलं. राख आधी निजल्यासारखी पडून राहते, मग सिमेंटातल्या चुन्याशी जोडली जाऊन सावकाश घट्ट होत जाते. त्यानं तिला सांगितलं की मजुरांना हे कुणी सांगत नाही, नुसती वेगळ्या रंगाची गोणी हातात देतात, आणि मग ते जुन्या सवयीनं पाणी ओततात. ती म्हणाली, "हे खरं आहे. मी कागद ठेकेदाराला दिला. तुला वाचून दाखवायला हवा होता."

छप्पन्नाव्या दिवशी आकडे आले. तीस, एकतीस, बत्तीस, एकतीस. जिन्याखालचे दोन तेहतीस. एवढ्या लबाडीनं मिळवलेला फायदा दोन आकड्यांचा, आणि वर भेगा. भेगा उथळ होत्या, त्या भरून घेतल्या. ते दोन पाये राहिले.

नव्या इमारतीत शाळा दोन महिने उशिरा सुरू झाली, तीही खालच्याच मजल्यावर. वरचे मजले पुढं सावकाश झाले. संस्थेतली काही माणसं अजून म्हणतात की मोठ्या बाईंचा हट्ट महागात पडला. ठेकेदारानं शाळेनंतरचं काम साध्याच सिमेंटनं घेतलं. तो म्हणतो, थांबायला वेळ कुणाकडं आहे? जिन्यावरून पोरी धडधडत उतरतात आणि खाली काय आहे याची एकीलाही कल्पना नसते, जे ठीकच आहे.

भाचीनं नंतर एका दवाखान्याचं काम घेतलं, त्याच पद्धतीचं. तिथला मिस्त्री भिंगरीपेक्षा दहा वर्षांनी मोठा आणि दहापट हेकट. गोणी फोडून राख चिमटीत धरून हसला. तिनं मामाला बोलावून घेतलं. भिंगरीनं खडीवर पाण्याचा थेंब टाकून दाखवला, दिवसांचं गणित सांगितलं, पण म्हातारा मान हलवून नुसता 'हूं' करत राहिला. तेव्हा भिंगरीनं जिन्याखालच्या दोन पायांची गोष्ट सांगितली, आपल्या चोरीसकट. म्हातारा पहिल्यांदा खाली बसला. म्हणाला, "किती घातलंस म्हणालास? पाव गोणी?" आणि मग दोघं खड्ड्यात उतरले.